तुलाच तर सांगितलं

पार्सलचं खोकं रद्दीत टाकण्याआधी त्यावरच्या नावापत्त्यावरून मी अक्षरं झाकणारा काळ्या शाईचा छोटा रूळ फिरवते. बूसानमध्ये एकट्या राहणाऱ्या पुष्कळ बायका फिरवतात. मी दोनदा फिरवते. थेशिकला, ज्या नवऱ्यापासून मी पळाले त्याला, यंगदोच्या चढावरचं हे घर सापडू नये, एवढाच माझा हिशोब. नंबर नवा, फोनमध्ये एकही ॲप नाही. पत्ता आणि दाराच्या कुलपाचा आकडा फक्त ओक्जूताईला, माझ्या सख्ख्या बहिणीला ठाऊक.

रविवारी दुपारी ताई आकडा दाबून आत आली. उंबऱ्यातच "जेवलीस का?" विचारणं ही तिची खोड, मीटर बघायला आलेल्यालाही सोडत नाही. त्या दिवशी मात्र विचारलं नाही. टेबलाशी बसली आणि फोन काढला.

"ॲपवर आलीस ते बरं केलंस, यूनजा. तिथे किती गोड बोलतेस. समोर आलं की मेलीच्या तोंडाला कुलूप."

"कुठलं ॲप?"

तिने फोन पुढे केला. माझं नाव. माझा फोटो. फोटोतले केस कानापर्यंत आखूड. ते मी त्याच सकाळी न्हाणीघराचं दार लावून स्वतःच्या हाताने कापले होते.

फोटोखाली आवडल्याचा एकच बदाम होता. थेशिकचा.

"ताई, तू हिला काय काय सांगितलंस?"

"हिला कुणाला? तुलाच तर सांगितलं. फोनमधले नंबर घेऊ का, असं ॲपने विचारलं. मी हो म्हटलं, तर लगेच तू दिसलीस. नवा पत्ता लक्षात राहत नाही म्हणालीस, मग दिला लिहून."

"स्वतःचा पत्ता कोण विचारतं?"

"तू पहिल्यापासूनच धांदरट."

"मी इथे बसलेय, ताई."

"हो, बसलीयस," ती म्हणाली. फोनकडे बघत.

फोन थरथरला. उलट्या बाजूनेही मला वाचता आलं. 'दारात उभी आहे. कुलपाचा आकडा काय गं?'

ताईचा अंगठा चालू लागला.

मी तिचं मनगट धरलं. तिने माझा हात बाजूला केला. अदबीने, परक्या माणसाचा करावा तसा.

बाहेर कुलपावर आकडे वाजू लागले. सावकाश, एकेक.

मग कुलूप उघडल्याची ती छोटीशी धून.

फटीतून ओल्या शाईचा वास आला.

ताई उठली. तिचा चेहरा खुलला होता.

"आलीस?" दाराकडे बघत ती म्हणाली. "जेवलीस का?"