तळ दिसू लागला

सांडपाण्याच्या प्लांटवर ती केमिस्ट म्हणून लागली, तेव्हापासून घरच्यांना चेष्टेला कायमचा विषय मिळाला होता. "आलीस? आधी अंघोळ," आई दारातच म्हणे. ताई तिच्याही वरताण. ती नदीच्या खालच्या अंगाच्या गावात दिलेली. प्लांटमधून सुटलेलं पाणी नदीतून तिच्याच नळाला जायचं. "तुमच्या शहराचं उष्टं आम्ही पितो," असं ती हसत म्हणायची. ताईला बाळ झालं आणि हे हसणं हिला बोचू लागलं. नमुना तपासल्याशिवाय ती प्लांटचं पाणी नदीत सोडायचं दार उघडू देत नसे.

त्या सकाळी फाटकातून आत शिरताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वास येत नव्हता. सर्दी झाली असेल म्हणून तिने नाक शिंकरून पाहिलं. वास नव्हताच.

शहराचं मुख्य गटार जिथे आत उतरतं, त्या जाळीपाशी पंपवाले काका कमरेवर हात ठेवून उभे होते. रोज तिथे चिंध्या, केस, प्लास्टिक यांचा ढीग साचे. आज जाळी घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी लख्ख होती.

"बाई, शहर काल जेवलंच नाही की काय?" काका म्हणाले.

"वर कुठे पाइप फुटलाय का?"

"रस्त्यावरची गटाराची झाकणं उघडून बघून आलो. मोठ्या चौकापर्यंत घरांतून रोजचीच घाण येतेय. चौकाच्या खाली मात्र हे असं."

"आणि मध्ये काय आहे?"

"काही नाही. नुसता पाइप."

हवा मारायच्या टाकीत एरवी तपकिरी फेस खदखदत असे. त्या फेसातले घाण खाणारे जंतू तिने पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. आज त्यांचा मागमूस नव्हता. टाकीचा तळ दिसत होता. सिमेंटवर गवंड्याची थापी फिरली होती, ते फटकारेसुद्धा दिसत होते. इतकं सुंदर पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं. देवासमोर वाकावं तशी ती वाकली आणि तिने पाण्यात हात घातला. ते गार नव्हतं, कोमट नव्हतं. हात पाण्यात आहे हेच कळत नव्हतं. बाहेर काढला, तर बोटांवरचे औषधांचे जुने पिवळे डाग गेले होते.

तपासणीत काहीच सापडलं नाही. जंतू नाहीत, क्षार नाहीत, काही म्हणता काही नाही. असं पाणी ताईच्या बाळाला पुन्हा कधी मिळायचं? तिने स्वतःच काकांना दार उघडायला सांगितलं.

संध्याकाळी निघताना तिने हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

तिने अंगठा उजेडात धरला. त्यावर रेषा नव्हत्या. तळहातावरही नव्हत्या.

ती धावत सुटली. "काका, दार पाडा!"

"आता पाडून काय उपयोग? सकाळपासून सोडलंय. केव्हाच पोचलं असेल."

ताईने लगेच फोन उचलला. "अगं, आज नळाला काय पाणी आलंय म्हणून सांगू! बाळाला त्यातच अंघोळ घातली. रडला नाही, काही नाही."

"ताई, बाळ कुठेय?"

"हा काय, मांडीवर. गालावरचा जन्माचा डाग होता ना, तोसुद्धा गेला." ताई जरा थांबली. मग लाडाने हसली. "इतका स्वच्छ झालाय, की आता कोणावर गेलाय ते सांगताच येत नाही बघ."