शून्यावरचा आवाज

टिटवी सकाळी अकराला आली, ती जिन्यापासूनच बोलत आली. टिटवी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तोंडाला उसंत नसते म्हणून घरात सगळे तिला तेच म्हणतात. पाठीवर गिटार, हातात गुंडाळलेली वायर, आणि चेहरा असा की आता हसेल की रडेल ते कळू नये. संध्याकाळी पाच वाजता तिचा आयुष्यातला पहिला कार्यक्रम होता.

"मावशी, ही कमीच होत नाही," ती म्हणाली.

एका बंद पडलेल्या संगीतवर्गातून तिने महिन्यापूर्वी ही जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. आवाजाचा नॉब दहावर असो की दोनवर, गिटार तेवढ्याच मोठ्याने वाजायची. आणि शेवटच्या गाण्यात तर ती शून्यातून हळूहळू वर यायला हवी होती. ती जागा टिटवीनेच बसवलेली. बँडमधले बाकीचे तिघे हात थांबवून तिच्याकडे बघत राहणार होते.

सव्वीस वर्षं मी घरीच असली दुरुस्तीची कामं करते आहे. नॉब बिघडला की खरखरतो, किंवा मध्येच आवाज तोडतो. कमीच न होणं म्हणजे बहुतेक आतली एखादी वायर सुटलेली. दहा मिनिटांचं काम आहे, असं मी तिला सांगूनही टाकलं.

मागची पट्टी उघडली. धूळ फुंकली. एकही वायर सुटलेली नव्हती. मल्टिमीटर लावून नॉब फिरवला, तर आकडे कसे अगदी शिस्तीत चढले आणि शिस्तीत उतरले. मग सोल्डरचे सगळे टाके नव्याने घातले. तरीही तेच. शेवटी नॉबखालचा कंट्रोलच काढून कोरा बसवला, ॲम्प्लिफायर चालू केला आणि तार छेडली. दहावर जेवढी वाजली तेवढीच दोनवर.

टिटवीचा चेहरा उतरला. खरं तर माझाही उतरायला हवा होता, पण मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. इतक्या वर्षांत मला न उलगडलेला बिघाड समोर आला नव्हता. चहा गार होत होता आणि मला त्याची शुद्ध नव्हती. मी पुन्हा नॉब तीनवर आणला.

"टिटवे, गप्प का झालीस गं?" मी विचारलं. माझाच आवाज मला गोधडीखालून आल्यासारखा वाटला.

ती गप्प नव्हती. तिचे ओठ हलत होते. डोक्यावर पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद फडफडत होते, पण पंख्याची घरघर नव्हती. मी घाईने नॉब दहावर नेला. पंखा आला, रस्ता आला, टिटवीचं अर्धं वाक्य आलं.

गिटार कमी होत नव्हती. बाकीचं सगळं कमी होत होतं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग तिने टाळी वाजवायची आणि मी नॉब उतरवायचा, असं करून पाहिलं. पाचवर टाळी कापसासारखी. दोनवर नुसते हात. मी वहीत भराभर आकडे लिहीत होते. मी आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर चालू ठेवायला सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर ते असल्या फर्माइशींची कारणं विचारत नाहीत. मिक्सरने घर डोक्यावर घेतलं. नॉब एकवर आणला. मिक्सर गेला. टेबलावर तळहात टेकला, तर त्याची थरथर हाताला तेवढी लागत होती. टिटवी पोट धरून हसत होती आणि तिचं हसू मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मलाही हसू आवरेना.

तिने बोटांनी गोल करून दाखवला. शून्य.

मी नॉब शेवटपर्यंत फिरवला.

माझा श्वासही मला ऐकू येईना. एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. टिटवीचं हसणं थांबलं होतं.

आणि मग कुणीतरी श्वास घेतला.

लांबून नव्हे. माझ्या उजव्या कानाशी. बोलायच्या आधी माणूस जसा छातीभर घेतो, तसा.

मी टिटवीकडे पाहिलं. ती माझ्या उजव्या खांद्यापलीकडे बघत होती.

मी नॉब फिरवला.

मिक्सर, पंखा, रस्ता, सगळं अंगावर कोसळलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी हाक मारून ह्यांना मिक्सर बंद करायला लावला. मग टिटवीने स्वतःच हात लांब करून नॉब अर्ध्यावर आणला आणि तार छेडली. गिटार अर्धी झाली. शून्यावर आणली, नाहीशी झाली. पंखा घरघरतच होता. मी काहीही केलेलं नव्हतं, तरी बिघाड गेला होता.

ही नेऊ नकोस, असं मी तिला दोनदा म्हटलं. दुसरी गिटार कुठून आणणार, असं तिने विचारलं आणि ती पाठीवर अडकवली.

कार्यक्रम असा झाला की मी खुर्चीत बसूच शकले नाही. शेवटच्या गाण्यात बाकीचे थांबले, सभागृह थांबलं, आणि कुठूनशी एक बारीक तार उगवून वर वर येत गेली. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरले. लोक उभे राहिले. टिटवी गर्दीतून धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि पुन्हा पूर्वीसारखी न थांबता बोलायला लागली. सकाळचं काही आम्ही दोघीही बोललो नाही.

घरी आल्यावर हे आणि मी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. मी अजून हवेतच होते, तेच तेच पुन्हा सांगत होते. ते म्हणाले, सगळं खरं, पण सकाळी मिक्सर चांगलाच तापला होता, जळायचा एखादेवेळेस. म्हणून तर त्यांनी मला ओरडून विचारलं होतं, बंद करू का.

मी म्हटलं, मला ऐकूच आलं नाही.

"न ऐकायला काय झालं? उत्तर दिलंस की."

मी हातातलं चादरीचं टोक तसंच धरून उभी राहिले. "काय म्हणाले मी?"

त्यांनी त्यांच्या बाजूची टोकं नीट जुळवली.

"म्हणालीस, राहू दे. आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय."