तारेचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर सुरतेजवळ कोसाडला जा. धनश्रीचे तळहात बघा.

रात्र नव्हती. चैत्रातली भरदुपार. अख्खी कॉलनी निपचित.

धनश्रीचे सासरे, धुडकूआबा, नौदलाच्या रसदजहाजावर होते. ते जहाज लढायचं नाही. द्यायचं. भर समुद्रात लढाऊ जहाजाला दोर बांधून डिझेल, पाणी, पीठ. टेलिफोन धरायचं काम आबांचं. पलीकडून ‘बस’ आलं की पुरवठा बंद. मग पलीकडच्यांनी दोर सोडायचा.

जहाज भंगारात गेलं. कामरेजच्या भंगारवाल्याकडून आबांनी तो टेलिफोन आणला.

त्याच आठवड्यात सासू गेली. वत्सलाबाई.

आबा रडले नाहीत. भिंतीत खिळा ठोकून टेलिफोन टांगला. तुटकी तार खाली लोंबत होती.

त्या दुपारी शेजारची कलाबाई दारात आली.

“तुन्हा घर नळ कोरडा, अन् हंडा भरेल कसा वं? म्युनिसिपालटी तुन्ही मावशी शे का?”

धनश्रीने वळून पाहिलं.

हंडा काठोकाठ. कळशी काठोकाठ.

पिठाचा डबा सकाळीच खरवडला होता...

झाकण वर उचललेलं. पीठ ओसंडत होतं.

आणि डिझेलचा वास.

कलाबाई कधी गेली, कळलंही नाही.

आबा टेलिफोन कानाला लावून खुर्चीत बसले होते.

“अजून,” ते म्हणाले.

“कोणाशी बोलताय, आबा?”

“जहाजाशी.”

“काय मागताय?”

“तुझी सासू.”

रेशन सांगावं तसं. सपाट.

आतल्या खोलीत...

बांगड्या वाजल्या.

त्या बांगड्या धनश्रीने स्वतः तापीत सोडल्या होत्या.

मग खोकला. तोच.

पडदा हलला. खाली दोन पावलं. ओली.

धनश्रीने टेलिफोन हिसकावला.

“बस! आमचं भरलं! बस!”

पावलं नाहीत.

पडदा स्थिर.

आबा रागावले नाहीत.

“बस म्हटलंस. आता दोर सोडावा लागेल, बेटी.”

तिने खाली पाहिलं.

तार लोंबत नव्हती. खिडकीकडे आडवी ताणलेली. टोकाला...

कोणी नव्हतं.

आबांनी तार मुठीत धरली.

“सोडा, आबा!”

“तिकडे ती शे.”

तेव्हापासून रोज दुपारी तार ताणली जाते. आबा आधी एका हाताने धरायचे. आता दोन्ही हातांनी. धनश्री मागून तार धरते. तळहात सोलले, तरी धरते.

काल आबांची खुर्ची सरकत सरकत खिडकीला टेकली.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे.