तळाशी उमटलेला ठोका

बंद पडलेल्या खाणीच्या लिफ्टपाशी एकाच हेल्मेटला दोघांचे हात लागले, ती त्यांची पहिली भेट. ती भूकंपशास्त्रज्ञ, तो त्या खाणीचा अभियंता. तळाशी कोणी एकट्याने थांबू नये असा नियम होता, म्हणून प्रत्येक मोजणीला तो तिच्या सोबतीला येई.

भूमी सदैव सूक्ष्म कंप पावत असते. पृष्ठभागावर त्या कंपांचे अरण्यच माजलेले असे — ट्रकांची चाके, वारा, वाऱ्याने डोलणारी झाडे. मधल्या दालनात ते विरळ होई. आणि तळाशी उरे तो केवळ दूरच्या सागराचा संथ हेलावा...

परंतु आज त्या हेलाव्यावर बारीक ठोके उमटत होते. सायंकाळपर्यंत निर्मळ नोंद मिळाली नाही, तर भूकंपमापनाचे कायमचे केंद्र इथे न होता दुसऱ्या खाणीत जाणार होते. आणि केंद्रासह तीही.

"यंत्र बिघडलंय का?" त्याने हळूच विचारले.

"यंत्राला नावं ठेवू नका. श्वाससुद्धा बेतानं घ्या."

"बरं. एखादा घेऊ का?"

तिला हसू आले. पण ठोके थांबेनात. तिची नजर पडद्यावरून खाली उतरली — आणि त्याच्या नकळत हलणाऱ्या बुटावर खिळली.

"अहो... ही तुमची टाच."

तो ओशाळला. "मग वरच्या मोजणीत कशी नाही दिसली?"

"वरही असणारच. गलबल्यात बुडाली होती." तिने मान वर केली. "इतकी वर्षं खाणीत काढलीत, आणि खाणीची भीती?"

"खाणीची नाही." त्याने मान खाली घातली. "नोंद बिघडली तर तुम्ही जाल... त्याची."

"आणि त्या भीतीपायी तुम्हीच ती बिघडवताय. धन्य आहे तुमची."

त्याने मुकाट्याने बूट काढून मांडीवर घेतले आणि थंड खडकावर अनवाणी पावले टेकवून तो निश्चल बसला. आता बोलणेही शक्य नव्हते. तिच्या ओठांशी आलेले शब्द तिथेच अडून राहिले. पडद्यावर सागर एकटाच हेलावत होता... अखेर हिरवा दिवा लागला. नोंद निर्मळ उतरली होती.

तोच पुन्हा एक ठोका उमटला. मग दुसरा.

"मी नाही हं," तो दचकून म्हणाला. बूट अजून मांडीवरच होते.

"ठाऊक आहे. ही टाच माझी."

"तुम्हाला आता कसली भीती? केंद्र तर इथेच राहणार."

"तुम्ही पुढचं विचाराल की नाही... त्याची."

त्याने मांडीवरचे बूट खाली ठेवले. "केंद्रासाठीच राहाल — की माझ्यासाठीही?"

ठोके थांबले.

"आधी बूट घाला," ती म्हणाली. "माझ्या बाबांपुढे असे अनवाणी उभे राहणार आहात का?"