माहेरशिंप

घाटावर पाटी होती: 'जिवंत शिंपला हलवणे हा साक्ष फोडण्याचा गुन्हा आहे.' पाटीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत देवांगना मारबते बसलेली असे. ती या घाटाची शिंपराखीण. वैनगंगेत पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बाईला आता नदीला कुणी हात लावत नाही ना, हे बघायची नोकरी होती. सरकारला विनोदाचं अंग नाही असं कोण म्हणेल?

त्या सकाळी बोटीतून डॉ. इरावती खानझोडे उतरल्या आणि देवांगनाच्या मनात पाल चुकचुकली. बाई नदीखात्याच्या शास्त्रज्ञ. दरवर्षी होळीनंतर, पाणी उतरलं की मोजणीला यायच्या. आता तर दिवाळीही व्हायची होती. सोबत मोजणीची माणसं नव्हती. आणि नेहमी चहा टाळणाऱ्या बाईंनी आज स्वतःहून चहा मागितला.

"शिंपला स्वतःहून किती लांब जातो हो?" कप हातात घेत त्यांनी विचारलं.

देवांगना सावध झाली. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो विचारतो कशाला?

"तुमीच तं शिकवलं होतं मॅडम. पिलू असतानी मासोळीच्या कल्ल्याले चिकटून फिरते. मोठं झालं का जागा सोडत नाई."

"आणि मासोळी धरणाची भिंत चढते?"

"कशी चढन?"

बाईंनी पिशवीतून ओलं गोणपाट काढलं. "हे शिंपले वरच्या धरणापलीकडे सापडले. दीडशे किलोमीटर वर. आतली तीन कडी तुमच्या घाटाची आहेत, बाहेरची आठ तिथली."

कड्यांची गोष्ट काठावरच्या पोरासोरांनाही पाठ होती. झाडाच्या खोडात असतं तसं शिंपल्यावर दरवर्षी एक कडं चढतं, आणि त्या वर्षी पाण्यात जे जे होतं ते त्यात अडकून राहतं: खडकातला चुना, कारखान्याचं विष, घरांच्या मोरीतून वाहिलेलं औषधसुद्धा. सगळ्यात आतल्या कड्याला खात्याने 'जन्मपाणी' असं नाव दिलं होतं. प्रत्येक घाटाचं पाणी थोडं वेगळं, म्हणून जन्मपाण्यावरून शिंपल्याचं गाव कळे. नदीभर कुठे किती शिंपले आहेत त्याचा नकाशा करून, त्यांच्या कड्यांच्या साक्षीवर कोर्टाने अकरा कारखाने बंद पाडले होते. नदी जगली ती त्यामुळे. साक्षीदार जागचा हलला तर साक्ष बाद, म्हणून बारा वर्षांपूर्वी हा कायदा आला होता.

"बघा ना," म्हणत बाईंनी गोणपाट पुढे केलं.

देवांगना उठली. मनाने काही ठरवायच्या आत हातांनी आपलं काम केलं. तिने पदर पसरला, मान लववली आणि शिंपले हात न लावता पदरात घेतले. एक, दोन, तीन... सात.

सात!

ढिवरांची पोर सासरी निघाली की आई तिच्या ओटीत नारळ-तांदळाबरोबर सात जिवंत शिंपले घालते. ते पदरातच घ्यायचे आणि सासरच्या घाटावर सोडायचे. त्यांनी तिथे जीव धरला की पोरीनेही धरला. याला म्हणतात माहेरशिंप. कायदा आल्यापासून हा शब्द कुणी परक्यापुढे उच्चारत नसे.

आठ वर्षांपूर्वी तिची पोरगी माही, लहानपणापासून फिटच्या गोळ्या घेणारी, परजातीतल्या पोराबरोबर निघून गेली. बापाने तिच्या नावाने आंघोळ केली. देवांगना नवऱ्याच्या धाकाने उंबऱ्याबाहेरसुद्धा आली नाही. ओटी कुणीच भरली नव्हती. म्हणजे पोरगी जाता जाता घाटावर उतरली होती आणि आपली ओटी आपणच भरून गेली होती. देवांगनाला गलबलून आलं, आणि लगेच भीतीही वाटली.

"आमच्यात असं काई नसते," ती म्हणाली. पदर अजून पसरलेलाच होता.

"मी कुठे काय विचारलं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आतल्या कड्यांमध्ये फिटच्या गोळीचा अंश आहे. या गावात ती गोळी एकाच घरात जायची. पण औषध म्हणजे नाव नव्हे. नाव माणसाने सांगावं लागतं. तुम्ही गप्प राहिलात तर तो गुन्हा कुणावरच लागत नाही."

"मंग आले कायले?"

"रीत कळायला." बाईंनी टॅबवर नदीचा नकाशा उघडला. निळ्या रेघेवर लाल ठिपके होते. "जन्मपाणी एका गावाचं आणि वस्ती दुसऱ्या गावात, असे चारशे बारा शिंपले. वीस वर्षं आम्ही कोर्टाला सांगतोय, जिथे पाणी चांगलं तिथे शिंपले वसले. हे तर जिथे सुना आल्या तिथे वसलेत, देवांगनाबाई! आता सगळे परके शिंपले शोधून काढावे लागतील. नाहीतर सगळे निकाल मोडतील आणि ते कारखाने पुन्हा धूर सोडतील."

गप्प राहायला देवांगनाला चांगलं येत होतं, त्या दिवशी उंबऱ्याआडही ती गप्पच होती. माही वाचायला एवढंच पुरेसं होतं. पण पदरातले सात शिंपले जड होते, आणि आठ वर्षांत कुणी पोरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"शेवटच्या कड्यात," तिने विचारलं, "गोळी हाय का?"

बाईंनी वर पाहिलं. "आहे. गेल्या महिन्यापर्यंत आहे."

जिती हाय, देवांगना मनाशी म्हणाली. तिने डोळ्यांना पदर लावायला हात उचलला, पण पदर भरलेला होता. आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं. बाई वहीत लिहीत होत्या. 'माही मारबते. आईने ओळख पटवली.'

त्यांनी पान उलटलं. पायऱ्यांखालच्या पाण्यात देवांगनाने एकतीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून सोडलेले सात शिंपले होते, आणि त्यांचा वाढलेला गोतावळा होता. ती रोज राखायची ते तेच.

काठावर दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो मायेनेच विचारतात. डॉ. खानझोडेंनीही तो मायेनेच विचारला.

"तुमचं माहेर कुठलं, देवांगनाबाई?"