दोन बॅटऱ्यांच्या मधली डबी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी काढत नाही. त्या दिवशी मी गेलो होतो तो नुसता एक भाग बदलायला. तासाभराचं काम. गाड्यांचं वायरिंग करण्यात माझे केस पिकलेत, आणि गाडी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची.

गाडी म्हणजे घरगाडी. आत ओटा, पलंग, इवलंसं न्हाणीघर. मेहुणा गेल्यापासून बहीण आणि तिची सहा वर्षांची भिंगरी त्या गाडीतच राहत होत्या, तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात. एका जागी टिकत नाही म्हणून पोरीला भिंगरी म्हणायचो. सकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, पलंगाखालून जळका वास येतोय. गादीला खालून डाग पडलाय."

"आज पडलाय? इतके दिवस झोपली होतीस का? पोरगी झोपते त्या गादीवर!" मी खेकसलो. मी असाच आहे. घाबरलो की आधी ओरडतो.

दुपारी पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. मैदानात दुसरी एकही गाडी नव्हती. भिंगरीच्या अंगात कणकण होती, तिला मी पलंगावरून उचलून पुढच्या सीटवर झोपवलं आणि बाहेर आलो. पलंगाखालचा कप्पा बाहेरच्या बाजूने उघडतो. दार उघडल्याबरोबर तापलेल्या प्लास्टिकचा वास नाकात गेला.

घरगाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी घरातल्या दिव्यांची, पंख्याची, हीटरची. दोघींच्या मधे पंजाएवढी एक डबी बसते, तिला आयसोलेटर म्हणतात. इंजिन चालू असताना ती दोघींना चार्ज वाटते. इंजिन बंद असलं की तिच्यातून काहीही वाहायला नको. इंजिन सकाळपासून बंद होतं. तरी त्या डबीला मी बोटाची मागची बाजू टेकवली आणि चटका बसून हात झटकन मागे घेतला.

ठीक आहे, म्हटलं, आतल्या आत काही चालू राहिलं असेल. सगळे फ्यूज काढले. तारेतून किती वीज वाहतेय ते दाखवणारा चिमट्याचा मीटर तारेवर लावला. नऊ अँपिअर. म्हणजे पंखा, दिवे, सगळं एकदम लावल्यासारखा भार, आणि गाडीत एक दिवासुद्धा लागलेला नव्हता. मला असल्या कामाची चीड येते. बिघाड असेल तर त्याने दिसावं.

बहीण गाडीच्या आरशाला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "त्याचीच करणी असणार. बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवायची खोड होती मेल्याला. त्यापायीच तर..."

मीटरवर चौदा आले.

"त्यापायीच तर आम्हाला मारायला निघाला होता," ती म्हणाली. वीस. सव्वीस.

आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात तिघं डोंगरातल्या रस्त्यावर बर्फात अडकली होती. दोन्ही बॅटऱ्या मेल्या. इंजिन उठेना, हीटर बंद. मेहुण्याने होती नव्हती ती पांघरुणं, स्वतःचं जाकीट, पायातले मोजेसुद्धा या दोघींवर घातले आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिला. सकाळी रस्ता मोकळा करणारे आले तेव्हा तो तसाच बसलेला होता. या दोघी वाचल्या. तेव्हापासून बहीण त्याच्यावर चिडलेली होती. दु:खाच्या जागी तिला राग पुरत होता. आणि ती त्याला बोलायला लागली की मी मान हलवायचो.

आता ऐका, हे मी वर्षभर कुणाला बोललो नव्हतो. ती डबी मीच बसवली होती. इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरकडून येणाऱ्या तारेचा नट मी हाताने आवळला, पाना घेणार एवढ्यात जेवायला हाक आली, आणि तो तसाच राहिला. गाडी धक्के खात गेली, नट ढिला झाला, दोन्ही बॅटऱ्या उपाशी राहिल्या. गाडी माझ्याकडे ओढून आणली तेव्हा तो नट दोन बोटांनी फिरला. मी तो गुपचूप आवळला आणि बाहेर येऊन म्हणालो, बॅटऱ्या बसल्या होत्या. दिव्याचं तिच्या डोक्यात आपोआप आलं. मी ते राहू दिलं. एवढा मी शूर.

बहीण बोलायची थांबली तसा आकडा नवावर आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर ते विचारू नका. मी दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा सोडवल्या, बॅटऱ्या उचलून बाहेर गवतात ठेवल्या. डबी फडक्यात धरून काढली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. चर्र झालं. पाणी बराच वेळ बुडबुडत राहिलं... नवी डबी खोक्यातून काढून बसवली. तिन्ही नट पान्याने आवळले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बोटांची सालं निघाली.

बहीण माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काय दोष होता?"

"दोष काही नाही. जुनी झाली होती," मी म्हणालो.

वास आला. तोच.

नवी कोरी डबी, बॅटऱ्या बाहेर गवतात, तारांची टोकं मोकळी. तरी मीटरवर एकोणीस, तीस, एक्केचाळीस... डबीच्या वरची फळी काळी पडायला लागली. आणि वरून, फळीच्या पलीकडून, पलंगावर कुणीतरी टाच आपटल्याचा आवाज आला.

"भिंगरी कुठंय?" मी विचारलं.

"पुढे असेल... नाही. मघाशी म्हणत होती, पलंगावर ऊब आहे म्हणून... अगं बाई!"

ती धावली. गाडीचं दार आतून घट्ट बसलेलं. तिने खिडकीवर मुठी आपटल्या. मी डबीला पाना लावला, नट जाम. फळीतून धुराची रेघ निघाली. पन्नास. साठ.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते बहिणीसाठी नव्हतंच. त्या कप्प्यात डोकं घालून मी ओरडलो, "मी सोडला होता नट! मी! तुझा दिवा नव्हता! राग माझ्यावर काढ ना, पोरीवर कसला काढतोस, मूर्खा!"

मीटरवर शून्य आलं. हळूहळू उतरून नव्हे. एकदम.

मी डबीला हात लावला. विहिरीच्या पाण्यासारखी गार होती. पलीकडे दार आपोआप उघडल्याचा आवाज आला.

वळलो तर पोरगी धड आहे हे बघून बहीण माझ्या मागे येऊन उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"वर्षभर मी त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा. "पोरीसमोर दिल्या. आणि तू बाजूला बसून चहा पीत ऐकत होतास."

"अगं, मी सांगणारच होतो..."

"कधी रे? कधी सांगणार होतास?"

तिने माझी हत्यारांची पिशवी उचलून गवतात भिरकावली. पाने पसरले. "निघ. पुन्हा या गाडीला हात लावायचा नाही. आम्हालाही नाही." मग ती गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकवून रडायला लागली, वर्षात पहिल्यांदा, आणि त्याला नावाने हाका मारत राहिली. मला जवळ जायची हिंमत झाली नाही.

मी पाने गोळा करत होतो तेव्हा भिंगरी पायऱ्या उतरून आली. तिला कुठे भाजलं नव्हतं, तापही उतरला होता. दोन्ही हातांनी ती एक जाड पांघरूण ओढत आणत होती. ते तिने माझ्या खांद्यांवर टाकायचा प्रयत्न केला, उंची पुरेना म्हणून मला खाली बस म्हणाली.

"हे घे, मामा. बाबा म्हणाले, आता आमच्याकडे ऊब पुरे झाली."

"...आणि?"

"आणि आता तुला थंडी वाजेल."

ऊन डोक्यावर होतं. गवतातल्या पान्यांना हात लावता येत नव्हता, इतके ते तापले होते. मी तिला पांघरूण नको म्हणणार होतो. पण तोवर माझे दात वाजायला लागले होते.