दहातली एक

ओल्मेदोला घर झाडता यायचं, पण केर भरता यायचा नाही. खोलीभरची धूळ तो मधोमध गोळा करायचा, झाडू उलटा करून दाराला टेकवायचा आणि जगावर उपकार केल्यासारखा अंगणात जाऊन बसायचा. देल्फिना सुपली घेऊन येईपर्यंत ढिगातून कोंबड्या फिरून गेलेल्या असायच्या.

"अर्धंच करायचं होतं तर हात कशाला लावलास?" ती विचारायची.

"उरलेलं अर्धं तुझं. लग्न म्हणजे दुसरं काय असतं?"

ती स्वतः झाडायची ते भिंतीकडून दाराकडे, आणि केर दारामागच्या कोपऱ्यात सारायची. आईनं लावलेली सवय. सान इलारियो गावात बाकी सगळ्या बायका केर सरळ उंबऱ्याबाहेर लोटायच्या आणि देल्फिनाच्या कोपऱ्याला हसायच्या.

गावाच्या डोक्यावर ज्वालामुखी होता. नकाशावर त्याला लांबलचक नाव आहे. गावात त्याला आई म्हणतात. एकदा आई म्हटलं की तिचं रुसणं, खोकणं, धुमसणं सगळं पदरात घ्यावंच लागतं. तिच्यावर लक्ष ठेवायचं काम देल्फिनाकडे होतं. स्वयंपाकघरात, गिनीपिगांच्या खुराड्याच्या वर, वेधशाळेनं रेडिओ बसवला होता आणि त्याच्या शेजारी गाव रिकामं करायच्या भोंग्याचं बटण. रोज दिवेलागणीला डोंगराभोवतीच्या गावागावांतल्या राखणदारांना एकेक करून हाक यायची. धूर पांढरा की करडा, पत्रे थरथरले का, मक्याच्या पानावर राख पडली का, ते सांगायचं. मग वेधशाळेतली इंजिनियर ग्रासिएला आकडा सांगायची. तिचं काम तिथं संपायचं. आकडा वेधशाळेचा, भोंगा गावाचा, असं आधीच ठरलं होतं. राजधानीतल्या लोकांना असली वाटणी बरी सुचते.

"दहात एक," ग्रासिएला त्या पहिल्या वेळी म्हणाली होती.

"म्हणजे उद्या फुटणार?"

"तसं नाही, देल्फिनाबाई. आज तुमच्या आईची जी लक्षणं आहेत, तीच दहा डोंगरांत दिसली, तर त्यांतला एक फुटेल."

"आमच्याकडे एकच आहे."

"हो ना."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत. हिशोबापुरते धरायचे."

"आणि तो फुटणारा?"

"तोही हिशोबापुरताच." मग, आवाज खाली आणून, "मला याहून चांगलं सांगता येत नाही हो. आलं असतं तर सांगितलं नसतं का?"

देल्फिनाला ती पोरगी त्या दिवसापासून आवडली. तिनं भोंगा वाजवला. गाव कोंबड्या, गाद्या, म्हातारी माणसं ट्रकांत घालून खालच्या खोऱ्यातल्या शाळेत जाऊन राहिलं. राखणदारानं सगळ्यांच्या शेवटी निघायचं, पण निघायचंच. राखणदाराच्या चुलीचा धूर दिसला की खालचे लोक म्हणतात, ती वर बसलीय, मग आपणच का इथे लादीवर? आणि चढू लागतात. म्हणून चूल विझवून तीही उतरली.

आई फुटली नाही.

परत आल्यावर देल्फिनानं कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच थांबली. अंगणातल्या मक्याची पानं स्वच्छ हिरवी होती. घरात टेबलावर राखेचा पातळ थर होता. राखेत एक कप, तळाशी गुळाच्या पाण्याचा वाळलेला डाग. आणि दारामागच्या कोपऱ्यात झाडून सारलेली करडी रास.

"चोर येऊन घर झाडून गेला," ओल्मेदो म्हणाला. "असे चोर रोज येवोत."

ती हसली. मग तिनं जमिनीवर पाहिलं. झाडूचे फराटे भिंतीकडून दाराकडे गेले होते.

दुसऱ्या वेळीही आई नुसतीच धुमसली. त्या खेपेला शाळेच्या आवारात हासिंतोच्या डुकरिणीनं अंगाखाली पिल्लं चिरडली, आणि गाव देल्फिनावर उखडलं. घरात राख जाड होती. एक ताटली, एक चमचा, एक कप. तिची खुर्ची पुसलेली. ओल्मेदोच्या खुर्चीवर मात्र बोटभर राख, तिला कुणाचा हातही लागलेला नव्हता. ओल्मेदोनं तीत बोट रोवलं. खड्डा तसाच राहिला.

इतर कुणाच्या घरात काही नव्हतं. तिनं विचारलं नाही. न विचारता कळावं एवढंच गाव होतं ते. वेधशाळेलाही ती बोलली नाही. ते पत्र्यांचं विचारतात, पानांचं विचारतात. कपाचं कुणी विचारत नाही.

पुढे कित्येक महिने लोक तिला रस्त्यात गाठायचे. "काय देल्फिनाबाई, आज आई खोकली का नुसती शिंकली?" हासिंतो तर भर बाजारात म्हणाला, "पुन्हा भोंगा वाजवलास ना, तर ट्रकात मी तुलाच डुकरिणीच्या जागी बसवीन." सगळे हसले, तीही हसली. घरी येऊन तिनं बटाटे सोलले ते मात्र निम्मे सालीतच गेले.

आणि मग एका दुपारी, आकाश घासून ठेवल्यासारखं लख्ख असताना, रेडिओ अवेळी बोलला.

"दहात एक," ग्रासिएला म्हणाली. "माफ करा."

देल्फिना बटणासमोर उभी राहिली. नऊदा मूर्ख ठरायला तिची ना नव्हती. मूर्ख बाईला गाव शिव्या देतं, पण द्यायला गाव उरतं तरी. दहावी खेप कुठली ते कपाळावर लिहून येत नाही, एवढाच घोळ होता. तिनं बटण दाबलं.

ओल्मेदो अंगणातून आत आला, टोपी खुंटीला अडकवली आणि आपल्या खुर्चीत बसला.

"मी येत नाही."

"गुडघे का?"

"गुडघे आहेतच." तो टेबलावरून हात फिरवत राहिला. "ती एकटी जेवते गं."

"कोण?"

"पाहिलं नाहीस? एक कप. एक चमचा. माझ्या खुर्चीवर एवढी राख, पण तिनं पुसली नाही. जो परत येणार असतो त्याची खुर्ची माणूस पुसून ठेवतं."

बाहेर ट्रकचे भोंगे वाजत होते. कुणीतरी तिच्या नावानं ओरडत होतं.

"ओल्मेदो, ऊठ. चेष्टा पुरे."

"चूल पेटवणार नाही, शपथ. कुणाला धूर दिसायचा नाही. बघतो तरी कोण येतं. झाडते मात्र झकास, तुझ्यासारखीच."

तिनं त्याचा हात ओढला, दंड ओढला. रडली, शिव्या दिल्या. तो जड माणूस होता. शेवटी तिनं त्याच्या पुढ्यात उकडलेल्या मक्याची वाटी ठेवली.

"तू थांबलीस तर सगळे परततील," तो म्हणाला. "जा. तू काही चुकत नाहीस, मीही काही चुकत नाही."

ती गेली. शेवटच्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून घराच्या धुराड्याकडे बघत उतरली. त्यानं शब्द पाळला. धूर आला नाही.

शाळेतून डोंगर सबंध दिसत होता. निळा, शांत, माथ्यावर ढगाचा पुंजका. दिवेलागणीच्या हाकेला तिनं हातातल्या छोट्या रेडिओवर सांगितलं, "सगळं ठीक."

आई फुटली नाही.

सकाळी ती इतरांच्या आधी चालत वर आली. मक्यावर दव होतं. कोंबड्या अंगणात उकरत होत्या.

दार आतून लोटलेलं होतं.

ओल्मेदो खुर्चीत होता. टोपी डोक्यावर.

त्याच्या भुवयांवर राख होती. पापण्यांवर राख होती. ओठ जरासे उघडे होते आणि तोंड राखेनं भरलेलं होतं.

मक्याची वाटी रिकामी होती. तिच्या शेजारी दोन चमचे होते.

खालच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, हृदय. त्यानं तोंड पुसून मग कागद लिहिला. ग्रासिएला राजधानीहून आली. प्रत्यक्षात ती रेडिओवरच्या आवाजापेक्षा लहान आणि थकलेली दिसत होती. तिनं टेबलावरची राख चिमटीत चोळली आणि हात झटकन मागे घेतला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "पण यंत्रांवर काहीच नाही. काहीच झालेलं नाही, देल्फिनाबाई."

"हिशोबापुरतं झालं असेल," देल्फिना म्हणाली.

ग्रासिएलानं बोटं पँटला पुसली. मग पुन्हा पुसली.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. हासिंतोनं खांदा दिला आणि नंतर दोन पोती बटाटे आणून टाकले. खोकल्या-शिंकल्याचं मग कुणी विचारलं नाही. देल्फिना रोज हाकेला उत्तर देत राहिली. खोली झाडून झाली की तिची नजर उगाच मधोमध जायची. तिथे काही नसायचं.

पुढची पावसाळी हवा सरता सरता पत्रे पुन्हा थरथरले. आकडा तोच. तिनं भोंगा वाजवला, आणि या वेळी गाव मुकाट्यानं ट्रकांत बसलं. निघण्याआधी तिनं ओल्मेदोची खुर्ची पुसली. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं.

आई फुटली नाही. लोक देवाचे आभार मानत घरोघर गेले.

देल्फिनानं दार ढकललं.

टेबलावर दोन कप होते. दोन्ही खुर्च्या पुसलेल्या, एकमेकींकडे जराशा वळलेल्या. झाडू उलटा, दाराला टेकून उभा होता.

दारामागचा कोपरा रिकामा होता. राख खोलीच्या मधोमध गोळा केलेली होती, नेहमीसारखी ओबडधोबड, एका बाजूला सांडलेली.

तिच्या घशातून हसू आलं की दुसरं काही, तिला कळलं नाही. सवयीनं ती खिळ्यावरची सुपली काढून आणायला वळली आणि ढिगाची पलीकडची बाजू तिला दिसली.

तिथे सुपलीची सरळ धार उमटलेली होती. उरलेलं अर्धं कुणीतरी भरून नेलं होतं.